सुसूत्र लिहिणे ही कोणाची मक्तेदारी?

(संध्याकाळच्या अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. महागाई आहे, बेकारी आहे, कंत्राटी कामगारांचे हाल आहेत. अशा वेळी मुलांना परिच्छेद कसा लिहावा हे शिकविण्याच्या खटाटोपात पक्षाच्या कार्यकर्त्याने का पडावे? ते शाळामास्तरांचे काम आहे, त्यांना त्याचा पगार मिळतो, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

तहसील कचेरीच्या दाराशी टेबल टाकून बसलेला अर्ज लिहिणारा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्यासमोर उकिडवा बसलेला शेतमजूर आपली हकीकत सांगत असतो. ती हकीकत खरी असते, कळकळीची असते. पण ती कागदावर उतरते तेव्हा तिच्यात 'मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन' एवढेच उरते. कोणती जमीन, कोणत्या तारखेला काय घडले, कोणता अधिकारी काय म्हणाला आणि आता अर्जदाराला नेमके काय हवे आहे, हे क्रमाने त्यात नसते. कारकून तो अर्ज वाचतो आणि 'बोध होत नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवतो. मित्रहो, या शेऱ्याने गरिबांची जेवढी प्रकरणे मारली आहेत, तेवढी उघड अन्यायानेही मारली नसतील असे मला कधी कधी वाटते. ज्याला आपले म्हणणे एका ओळीने मांडता येत नाही, त्याचे म्हणणे दुसरा मांडतो. आणि दुसरा मांडतो ते दुसऱ्याच्या सोयीने मांडतो.

यात एक गमतीची गोष्ट आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला, देशाने २००५ साली. पुढे २०१२ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या नियमांत दुरुस्ती केली आणि म्हटले की, अर्ज एकाच विषयाचा असावा व सामान्यतः दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. आपल्यापैकी अनेकांनी त्या नियमाविरुद्ध आवाज उठविला आणि तो बरोबरच होता. अधिकार आखूड करण्याचाच तो मार्ग होता. पण शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर शासनाने नकळत परिच्छेदाची व्याख्याच राजपत्रात छापली, असे म्हणावे लागते. एक विषय, दीडशे शब्द. आता ज्या मुलाला शाळेत एका विषयावर दीडशे शब्द धडपणे लिहायला कोणी शिकविले नाही, त्याला हा अधिकार असून नसल्यासारखाच. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असेही त्याच कायद्यात आहे. ते साहाय्य कोणत्या कचेरीत किती तत्परतेने मिळते, हे आपण जाणताच.

मग शाळा काय करते? शाळा निबंध लिहवून घेते. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'नदीचे आत्मवृत्त', 'मी पंतप्रधान झालो तर'. गाईडात तो छापलेला असतो, फळ्यावर उतरतो, वहीत उतरतो आणि परीक्षेत उत्तरपत्रिकेत उतरतो. चार ठिकाणी उतरूनही तो मुलाच्या डोक्यातून एकदाही जात नाही. नदी बोलते ते गाईडच्या भाषेत, आणि मराठवाड्यातल्या ज्या मुलाने उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झरा खणून हंडा भरला आहे, तो मुलगा 'मी खळखळत वाहते' असे लिहून येतो. शिक्षकांना दोष देऊन मी मोकळा होऊ इच्छित नाही. एका वर्गात साठ मुले, त्यावर सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि आता फोनवरून रोज भरायची माहिती. अशा शिक्षकाने साठ वह्या वाचाव्यात केव्हा? दहावीच्या मराठीत अलीकडे उपयोजित लेखन म्हणून बातमी, पत्र, सारांश असे प्रकार आले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांचेही साचे बाजारात लगेच आले. साचा पाठ करणे आणि मांडणी करणे या दोन परस्परविरोधी क्रिया आहेत, हे आपल्या परीक्षापद्धतीने अजून मान्य केलेले नाही.

आता थोडे मागे जाऊ. परिच्छेद ही काही आपल्याकडे वेदकाळापासून चालत आलेली वस्तू नव्हे. मोडीतला जुना कागद पाहा. आधी ओळ आखायची आणि तिला अक्षरे टांगत जायचे, शक्यतो लेखणी न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, नवा मुद्दा नव्या ओळीवर घेण्याची रीत नाही. वाचणारा दरबारातला तरबेज माणूस असे. त्याला ते चालत असे. छपाई आली, शाळा आल्या, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुळविण्याचा उद्योग केला, आणि हळूहळू मराठी पान श्वास घेऊ लागले. परिच्छेद अनोळखी वाचकासाठी असतो, हे ध्यानात घ्या. ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही, आपले हातवारे दिसत नाहीत, अशा माणसाला समजावे म्हणून केलेली ती सोय आहे. त्या अर्थाने ती लोकशाहीची सोय आहे.

मराठी निबंधाचा विषय निघाला की चिपळूणकरांची 'निबंधमाला' आठवते. ती १८७४ साली सुरू झाली. तिचे भाषेवरचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्याआधी एकोणीस वर्षे, म्हणजे १८५५ साली, 'ज्ञानोदया'त एक निबंध छापून आला होता. लिहिणारी होती मुक्ता साळवे. जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. त्या निबंधातील विचारांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. आज मी फक्त त्याच्या मांडणीकडे लक्ष वेधतो. वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात, तर मग आम्हाला धर्मग्रंथच उरला नाही, आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती प्रथम उभा करते. मग पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरले, याचे दाखले देते. मग आजची स्थिती सांगते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, येथपर्यंत जाते. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून शिका म्हणते. प्रश्न, पुरावा, आजचे वास्तव, मार्ग. कोणते गाईड तिच्यासमोर होते? तीन-चार वर्षांचे शिक्षण आणि सांगण्यासारखे काहीतरी, एवढीच तिची सामग्री. ज्यांना असे वाटते की सुसूत्र विचार हा काही घराण्यांचा वारसा आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे की मराठीतला एक अत्यंत सुसूत्र निबंध 'निबंधमाले'च्या कितीतरी आधी मांगवाड्यातून आला आहे.

आता मी आपल्याला दूरच्या एका गावी नेतो, कारण आपल्या अभ्यासिकांना उपयोगी पडेल अशी पद्धत मला तेथे सापडते. इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. १९५४ च्या अखेरीस चर्चच्या वरिष्ठांनी लोरेन्झो मिलानी या तरुण धर्मगुरूला तेथे पाठविले. खरे म्हणजे दूर फेकले. त्यापूर्वी कालेन्झानो गावी तो कामगार तरुणांसाठी संध्याकाळची शाळा चालवीत असे, आणि तिचा काहींना जाच होऊ लागला होता. बार्बियाना म्हणजे शंभरेक माणसांची वस्ती. धड रस्ता नाही, वीज नाही. तेथल्या शेतकऱ्यांची मुले सरकारी शाळेत नापास होऊन घरी बसत. मिलानीने त्यांना गोळा केले आणि शाळा सुरू केली. तिला सुट्टी नसे. मोठा मुलगा लहान मुलाला शिकवी. १९६७ च्या मे महिन्यात या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेले एक पुस्तक निघाले. आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेले ते पत्र आहे. गरिबांच्या मुलांना शाळा कशी गाळते, हे त्यांनी सरकारी सांख्यिकीचे आकडे मांडून दाखविले. पुस्तक निघाल्यावर थोड्याच आठवड्यांनी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मिलानीचे निधन झाले. पुस्तक जगभर गेले.

त्या पुस्तकातील राजकारणाची चर्चा खूप झाली. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यातला एक छोटा भाग, ज्यात ही मुले आपण कसे लिहितो ते सांगतात. प्रत्येकाच्या खिशात एक लहान वही. सुचले की टिपायचे. मग प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला. एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. एकच गोष्ट दोघांनी लिहिली असेल तर एक चिठ्ठी काढून टाकायची. जवळच्या चिठ्ठ्यांचे ढीग करायचे. हा ढीग म्हणजे प्रकरण. प्रत्येक ढिगाचे पुन्हा छोटे ढीग. हे झाले परिच्छेद. आता प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यायचे. नाव देता येत नसेल तर समजायचे की त्यात काहीच नाही, किंवा फार गोष्टी कोंबल्या आहेत. मग काही परिच्छेद विरघळून जातात, काहींचे दोन होतात. नावे ठरली की त्यांचा क्रम लावायचा, आणि त्यावर वाद घालायचा. त्यानंतर कात्री, डिंक आणि रंगीत पेन्सिली. मग मजकूर सर्वांसमोर ठेवून शर्यत लावायची, की जास्तीचा शब्द कोण काढतो, फुकटचे विशेषण कोण पकडतो, पुनरुक्ती कोणाला दिसते, अवघड शब्द कोणता, एकाच वाक्यात दोन गोष्टी कोठे शिरल्या आहेत. अखेर बाहेरच्या माणसांना, तेही फारशी शाळा न शिकलेल्यांना बोलावून वाचून दाखवायचे, आणि त्यांना कळले नाही तेथे आपणच बदलायचे.

ही पद्धत मिलानीने एकट्याने शोधली नाही. मारिओ लोदी नावाचा प्राथमिक शिक्षक पियादेना भागात मुलांकडून सामूहिक लेखन करवून घेत असे. १९६३ साली तो बार्बियानाला आला, आणि दोन्ही शाळांच्या मुलांनी एकमेकांना पत्रे लिहिली. लोदी ज्या चळवळीतला, तिची प्रेरणा फ्रान्सच्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाची. त्याने १९२४ च्या सुमारास आपल्या खेड्यातल्या वर्गात छोटे छापयंत्र आणून ठेवले, आणि मुलांनी लिहिलेले मुलांकडूनच छापून घेतले. आपल्याकडे त्याच दशकात अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढीत होते. अमळनेरला फ्रेनेचे नाव पोचले असण्याचा संभव फार थोडा. पण मुलांनी वाचावे आणि लिहावे ते खऱ्या वाचकासाठी, ही गोष्ट दोघांना आपापल्या जागी उमगली होती.

आता हे आपल्या वस्तीत कसे करायचे? कल्पना करा, की अभ्यासिकेत सातवी-आठवीची दहा-बारा मुले आहेत आणि आपण त्यांना 'आमच्या वस्तीतले पाणी' यावर चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. चिठ्ठ्या साधारण अशा येतील: आमच्या वस्तीत एकच नळ आहे. सकाळी फार गर्दी असते. आई पहाटे चारला उठते. पाणी हे जीवन आहे. ताई शाळेत उशिरा जाते. पाणी अर्धा तासच येते. मागच्या आठवड्यात भांडण झाले. समोरच्या इमारतीत दिवसभर पाणी असते. ताईला बाई रागावतात.

यात 'पाणी हे जीवन आहे' ही चिठ्ठी हमखास असेल, गाईडची कृपा. ती काढून फेकू नका. मुलांनाच विचारा की ही चिठ्ठी कोणत्या ढिगात जाईल. थोड्या वेळाने ती कोणत्याच ढिगात बसत नाही हे त्यांच्या लक्षात येईल, कारण ती सगळ्याच वस्त्यांबद्दल खरी आहे आणि या वस्तीबद्दल काहीच सांगत नाही. आपल्या ठरावांतली कितीतरी वाक्ये या जातीची असतात, हे जाता जाता सांगतो.

उरलेल्या चिठ्ठ्यांना नाव द्यायला सांगा. कोणी म्हणेल 'नळ'. नळ हे नाव नव्हे. नळाबद्दल तुला काय म्हणायचे आहे? घासाघीस करता करता एखादी मुलगी म्हणेल, 'पाणी अर्धा तासच येतं म्हणून काय काय होतं'. हे झाले परिच्छेदाचे नाव. यात कर्ता आहे, क्रिया आहे आणि 'म्हणून' आहे. आता चिठ्ठ्या 'म्हणून'ने जोडत चला. पाणी अर्धा तासच येते, म्हणून पहाटेपासून रांग लागते. रांग लागते म्हणून आई चारला उठते. पुढची चिठ्ठी: ताई शाळेत उशिरा जाते. येथे 'म्हणून' बसतो का? आई चारला उठते म्हणून ताईला उशीर का व्हावा? मुले गप्प होतील. मग ज्याचे घर आहे तो सांगेल की, आई रांगेतून परत येईपर्यंत धाकट्याला ताईच सांभाळते. पाहा, ही गोष्ट एकाही चिठ्ठीवर नव्हती. दोन वाक्यांमधली फट दिसली म्हणून ती बाहेर आली. परिच्छेद लावायचा तो एवढ्यासाठी. आपल्याला माहीत असलेले नीटनेटके दिसावे ही त्यातली गौण गोष्ट. आपण काय सांगायचे विसरलो आणि आपल्याला काय माहीतच नाही, हे क्रम लावताना कळते.

समोरच्या इमारतीची चिठ्ठी शिल्लक राहील. ती याच परिच्छेदात घालावी असा काहींचा आग्रह असेल, कारण त्यांना राग आहे. घालू देऊ नका. तिला वेगळा ढीग द्या आणि त्या ढिगात आणखी काय आहे ते विचारा. काहीच नाही. मग चौकशी करा. तेथे पाणी दिवसभर का असते? समजा चौकशीत असे निघाले की, त्या इमारतीलाही अर्धा तासच पाणी येते, पण तिच्याकडे जमिनीखाली टाकी आहे आणि गच्चीवर पंपाने पाणी चढते. म्हणजे 'त्यांना पाणी देतात, आम्हाला देत नाहीत' हे आपले वाक्य चुकीचे ठरले. काही कार्यकर्ते येथे नाराज होतात. नाराज होण्याचे कारण नाही. अन्याय नाहीसा झाला नाही, त्याची जागा कळली. पाणी साठवायला ज्याच्याजवळ जागा आणि पैसा आहे त्याचा दिवस मोकळा, आणि ज्याच्याजवळ नाही त्याच्या घरची मुलगी शाळेला मुकते. मागणीही बदलते: वस्तीसाठी सामाईक टाकी. विभाग कार्यालयात गेलात तर पहिले वाक्य तेथला अभियंता एका मिनिटात खोडून काढील; दुसरे खोडणे त्याला अवघड जाईल. नियमात बसणारा दीडशे शब्दांचा अर्जही आता तयार झाला.

काही आक्षेप येतात, त्यांचा थोडक्यात परामर्श घेतो. एक असा की, नियमांनी मुलांची प्रतिभा मारली जाते. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग धरतो, आणि कितीही फिरून आला तरी त्याच अभंगावर येतो. त्याने त्याची प्रतिभा मेल्याचे ऐकिवात नाही. मात्र पहिल्या वाक्यात मुद्दा, मधे तीन आधार, शेवटी समारोप असा ठोकळा सर्वांच्या गळ्यात बांधायचा नाही, हे मला मान्य आहे. मुख्य वाक्य कधी शेवटी येईल, कधी मधेच. नाव देता आले पाहिजे आणि दोन वाक्यांतला सांधा सांगता आला पाहिजे, एवढीच अट.

दुसरा प्रश्न भाषेचा. मूल 'पानी', 'व्हतं', 'आमी' असे लिहील. क्रम लागेपर्यंत त्याला हात लावू नका. तांबड्या शाईने पहिल्याच दिवशी ऱ्हस्वदीर्घ खुडले की मूल तीन वाक्ये लिहून थांबते, आणि ती तीनही चुकणार नाहीत अशी निवडते. म्हणजे पुन्हा 'पाणी हे जीवन आहे'. प्रमाणभाषा शिकवायची आहेच, कारण कचेरी तिच्यातच चालते. पण ती शेवटच्या पायरीवर, सर्वांनी मिळून पक्की प्रत काढताना. घरची बोली ही चूक नव्हे, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. बांधावर बसून म्हातारी माणसे भाऊबंदकीची चाळीस वर्षांची हकीकत एक सांधा न निसटता सांगतात. क्रमाने बोलणे त्या बोलीत आहेच. आपल्याला फक्त ते कागदावर आणायचे आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. फोनवर चार शब्द बोलले की यंत्र आता सबंध अर्ज लिहून देते, मग ही मेहनत कशाला? यंत्राने लिहिलेला परिच्छेद गुळगुळीत असतो यात शंका नाही. पण ताईला धाकट्याला सांभाळावे लागते हे त्याला कोणी सांगायचे? सांगितले नाही तर ते आपल्या मनाने भर घालील, आणि ती भर खरी की खोटी हे ओळखायला पुन्हा परिच्छेद वाचता-लावता येणारा माणूसच लागेल. अर्ज लिहिणारा कचेरीच्या दारातून उठून खिशात आला, एवढाच फरक.

आणि ज्या चर्चेत आपला पक्ष हिरिरीने उतरला, त्या पास-नापासाच्या चर्चेबद्दल एक शब्द. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवू नये असे म्हटले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. आपण विरोध केला, ते योग्यच झाले. पण मुलाला वर ढकलले काय किंवा खाली ठेवले काय, त्याला सहा वाक्ये सांधून लिहिता येत नसतील तर दोन्हीकडे तो फसविलाच गेला. बार्बियानाच्या मुलांनी नापास करण्याविरुद्ध नुसती घोषणा दिली नाही. स्वतः लिहून दाखविले.

आता कामाचे. आठवड्यातून एकच दिवस यासाठी ठेवा. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या, दुसऱ्या आठवड्यात ढीग आणि नावे, तिसऱ्यात क्रम, चौथ्यात काटछाट व पक्की प्रत. घाई करू नका. महिन्याला एक परिच्छेद झाला तरी पुष्कळ. पक्की प्रत अभ्यासिकेच्या बाहेर भिंतीवर लावा आणि वस्तीतल्या चार आयाबायांना वाचून दाखवा. ज्या वाक्याला त्या 'म्हंजी काय?' म्हणतील, ते वाक्य पुन्हा लिहायचे. बक्षीस, पहिला-दुसरा क्रमांक असले काही ठेवू नका. लिहिलेले सर्वांचे असते, तेव्हा त्याखाली सर्वांची नावे येऊ द्या. कागदासाठी खर्च नको. कार्यालयाच्या मागच्या खोलीत जुन्या पत्रकांचे पाठकोरे गठ्ठे पडले आहेत. ते चार भागांत कापले की चिठ्ठ्या होतात. कात्री आणि सुतळी तेथेच ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने एक गठ्ठा घेऊन जावा.